दुसरा ब्रेक

आमच्या गाडीत दोन ब्रेक आहेत, आणि माझ्या संसारातली निम्मी भांडणं त्यातल्या दुसऱ्या ब्रेकवरून झालेली आहेत.

गाडी म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलची गाडी. एक ब्रेक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारच्या सीटवर बसलेल्या शिक्षकाच्या पायाशी. शिकणाऱ्याने समोरची भिंत अंगावर घ्यायचं ठरवलं की शिक्षकाने आपला ब्रेक दाबायचा. तो दाबला की डॅशबोर्डखाली एक बझर कोकलतो, म्हणजे लायसन्सची परीक्षा घेणाऱ्या साहेबांना कळतं की गाडी काही उमेदवाराच्या अकलेने थांबलेली नाही. स्कूल आम्हा नवरा-बायकोचं. हे सर, मी मॅडम. माझ्यामागे मुलं मला ‘भोंगा’ म्हणतात हे मला पक्कं माहीत आहे, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही. ह्यांना मात्र मागेही सरच म्हणतात. एवढ्या वर्षांत ह्यांचा चढलेला आवाज कुणी ऐकला नाही, मी तर नाहीच नाही. भांडताना समोरून आवाजच येत नसेल तर बाईचं काय होतं ते मला विचारा.

मागच्या वर्षी आम्ही पेट्रोलच्या गाड्या विकून दोन इलेक्ट्रिक घेतल्या, एक पांढरी आणि एक निळी. त्याच सुमाराला माझ्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, समोरचं उत्तम दिसतंय, पण उजव्या कडेची नजर कमी झाली आहे आणि गेलेली नजर परत येत नाही. थेंब नियमित घाला आणि गाडी शिकवण्याचं काय करायचं त्याचा विचार करा. मी विचार केला आणि शिकवायचं ठरवलं. ह्यांचं म्हणणं पडलं की आता पुरे. तेही एकदाच म्हणाले, हळू आवाजात, आणि विषय सोडून दिला. पण त्या दिवसापासून मी कुठेही गाडी काढली, अगदी भाजी आणायला, तरी हे शेजारी येऊन बसायचे आणि पाय त्या दुसऱ्या ब्रेकवर ठेवायचे. वळण आलं की दाब. सायकल दिसली की दाब. बझर कोकलला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मला गाडी शिकवताय का, असं विचारलं की म्हणायचे, सवय आहे गं, पाय आपोआप जातो.

अशात ती ड्रॅग रेसची जाहिरात फोनवर आली. शहराबाहेर एक जुनी धावपट्टी आहे, विमानं उतरायची कधीच बंद झालेली. तिथे महिन्यातून एकदा गाड्यांच्या शर्यती होतात. शर्यत म्हणजे काय, तर दोन गाड्या दोन लेनमध्ये शेजारी शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं आणि सरळ रेषेत धावायचं. जो आधी पोचेल तो जिंकला. वळण नाही, सिग्नल नाही, मधे येणारी म्हातारी माणसं नाहीत. या वेळी पहिल्यांदाच हौशी गटात इलेक्ट्रिक गाड्यांनाही बोलावलं होतं, रोजच्या वापरातल्या साध्या गाड्या चालतील म्हणून. मी तो फोन ह्यांच्या ताटाशेजारी ठेवला आणि सांगून टाकलं, मी जाणार. पाय एकदाही न उचलता या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी नेऊन दाखवणार. दाखवली, तर डोळ्याचा विषय आपल्या घरात पुन्हा निघायचा नाही आणि तुमचा पाय माझ्या गाडीत यायचा नाही.

“आणि नाही जमलं तर?” ह्यांनी विचारलं.

“तर सोमवारपासून माझे सगळे विद्यार्थी तुमचे.”

हे लगेच हो म्हणाले. इतक्या पटकन हो म्हणाले याचाच मला राग आला. रागाच्या भरात मी काय पणाला लावलं ते मला भांडी घासताना कळलं. ऑफिसात बसून पावत्या फाडणं मला जन्मात जमणार नाही. घाबरून घामेजलेलं माणूस स्टिअरिंगमागे बसवायचं, त्याच्यावर ओरडायचं, त्याला रडवायचं, आणि महिन्याभराने तेच माणूस गाडी मागे घेताना गाणं गुणगुणतंय हे बघायचं, एवढ्यासाठी तर मी सकाळी उठते. ते गेलं तर मी उठून करू काय? पण शब्द गेला होता, आणि हरण्याचा प्रश्नच नव्हता. समोरचं मला उत्तम दिसतं. सरळ रस्त्यावर कडेचं बघायचंय कुणाला?

रविवारी सकाळी आम्ही दोन्ही गाड्या घेऊन निघालो. ही ह्यांची कल्पना. पांढरी शर्यतीला, आणि तिची बॅटरी उतरली तर निळी हाताशी असावी. इलेक्ट्रिक गाडी भरलेली असते तोवर जीव तोडून धावते आणि उतरत गेली की तिचाही उत्साह उतरत जातो. त्यामुळे शर्यतीसाठी चार्जिंग राखायचं म्हणून हे निळी घेऊन पुढे आणि मी पांढरीत मागे, एसी बंद, वेग बेताचा. बेताचा म्हणजे ह्यांच्या बेताचा. एका ट्रॅक्टरने आम्हाला मागे टाकलं, आणि टाकताना ट्रॅक्टरवाल्याने वळून माझ्याकडे बघितलं ते अगदी कळवळून. मी शर्यतीला निघालेली बाई होते, आणि माझ्या पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

जाहिरातीत ‘चार्जिंगची सोय आहे’ असं लिहिलं होतं. सोय म्हणजे तंबूच्या मागे धडधडणारा एक डिझेलचा जनरेटर आणि त्यातून निघालेली एक वायर. विजेच्या गाडीत बसून पेट्रोलवाल्यांना चार गोष्टी ऐकवायच्या आणि मग रांगेत उभं राहून डिझेल प्यायचं, असा सगळा प्रकार. त्या वायरला एक लांबलचक महागडी इलेक्ट्रिक गाडी लावलेली होती आणि तिचे मालक जेवायला निघून गेले होते. तिच्यामागे आणखी गाड्यांची रांग. आम्ही निळी त्या रांगेत लावली आणि पांढरी घेऊन तपासणीला गेलो.

तपासनीस हा पांढऱ्या टोपीतला, गळ्यात शिट्टी अडकवलेला माणूस. त्याने आधी आमच्या टपावरचा बोर्ड मोठ्याने वाचून दाखवला: ‘सावकाश शिका, पक्कं शिका’. आजूबाजूचे पोट धरून हसले. मग म्हणाला, हा उतरवा, वाऱ्याने उडेल. बोर्ड चार बोल्टवर बसवलेला, आणि आमचे पाने घरी. शेवटी शेजारच्या एका लाल गाडीवाल्याने पाना दिला. पेशाने दातांचा डॉक्टर होता, रविवारी मात्र कोपरापर्यंत ऑइलमध्ये. त्याची गाडी जुनी, पेट्रोलची, आणि ती सुरू केली की आपल्या दाढा हलायच्या. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा माझी जोडी त्याच्याशीच निघाली. एका जोडीला तीन फेऱ्या मिळणार होत्या. मला एकच पुरे, असं मी ह्यांना ऐकवलं.

मग तपासनिसाने गाडीत डोकं घातलं आणि त्याला दुसरा ब्रेक दिसला. हे काय आहे? मी सांगितलं. तो म्हणाला, काढून टाका; नियमाप्रमाणे गाडीतला प्रत्येक ब्रेक कुणाच्या तरी ताब्यात पाहिजे, बेवारस चालणार नाही. मी म्हणाले, काढता येत नाही, परवाना कार्यालयाने त्याला तारेचं सील ठोकलंय, सील तुटलं तर स्कूल बंद. तो कुणाला तरी विचारायला गेला. परत आला, आणखी कुणाला तरी विचारायला गेला. बाकीच्या गाड्या तपासून होऊन पुढे निघाल्या आणि मी उन्हात उभी, दातओठ खात. शेवटी निकाल लागला: ब्रेक काढता येत नसेल तर त्याच्यावर एक जबाबदार माणूस बसला पाहिजे. हे ऐकताच जबाबदार माणूस स्वतःसाठी हेल्मेट मागायला निघून गेला.

मी कपाळाला हात लावला. ज्या पायापासून सुटण्यासाठी एवढा खटाटोप केला तो पाय आता नियमाने माझ्या गाडीत बसणार होता. मी ह्यांना निक्षून सांगितलं की दाबायचा नाही, काही झालं तरी दाबायचा नाही. हे म्हणाले, नाही दाबत.

आमची पाळी येते न येते तोच पुढच्या एका गाडीने ट्रॅकभर ऑइल सांडलं. मग झाडू आले, भुसा आला, तो पसरला, गोळा केला, पुन्हा पसरला. लाउडस्पीकरवरचा माणूस तेवढ्या वेळात तेच तेच विनोद करत होता. मी बंद गाडीत हेल्मेट घालून बसले होते, कारण तपासनीस म्हणाला होता की कुठल्याही क्षणी बोलावतील. ह्यांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि डब्यातलं सँडविच खाल्लं. मला विचारलं, खातेस?

अखेर बोलावलं. मी डाव्या लेनमध्ये, दातांचा डॉक्टर उजव्या. त्याच्या गाडीच्या गडगडाटाने आमच्या काचा थरथरत होत्या, आणि आमची गाडी चालू आहे की बंद हे कळायला डॅशबोर्ड बघावा लागत होता. खांबावरचे पिवळे दिवे लागले, मग हिरवा, आणि मी पाय दाबला.

ते मला नीट सांगता येणार नाही. रोज मी शेजारच्या सीटवर बसून ‘हळू, हळू, पाय काढ’ एवढंच म्हणत आले. आपली ही गरीब पांढरी गाडी, जिचं मागचं बंपर विद्यार्थ्यांनी तीनतीनदा खांबाला टेकवलं आहे, ती अशी काही सुटली की माझी पाठ सीटला चिकटली. लाल गाडी मागे राहिली. मी हसत होते, हेल्मेटच्या आत, एकटीच, मोठ्याने. आणि निम्म्या ट्रॅकवर बझर कोकलला.

गाडीने नाक खाली घातलं. लाल गाडी गर्जना करत निघून गेली. लाउडस्पीकर म्हणाला, मंडळी, सावकाश शिका, आणि सगळं मैदान हसलं.

ट्रॅकवरून परत रांगेकडे येताना मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. शब्द दिला होता ना, मी म्हणाले. तुमचा पाय आहे की भूत आहे, म्हणाले. एवढी वर्षं तुम्ही मला दाबतच आलात, गाडीत काय आणि घरात काय. आवाज न चढवता माणसाला दाबता येतं हे तुमच्याकडून शिकावं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तू उजवीकडे सरकत होतीस.”

मी म्हणाले, थापा मारू नका. समोरची रेषा मला स्वच्छ दिसत होती. तुम्ही सवयीने दाबलात आणि आता माझ्या डोळ्यावर ढकलताय. हे गप्प बसले. ह्यांचं गप्प बसणं मला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागतं.

दुसऱ्या फेरीसाठी पुन्हा रांग. जनरेटरजवळ ती लांबलचक गाडी अजून तशीच होती आणि निळी जागची हललेली नव्हती. पांढरीची बॅटरी फारच उतरलेली. त्या मालकांना शोधून काढून मी चांगलं झापलं, तेव्हा ते हात धुऊन आले आणि म्हणाले, ताई, थंड घ्या. ताई थंडच होती, फक्त तिच्या डोक्यावर पाणी ठेवलं असतं तर चहा झाला असता.

लाइनवर जाण्याआधी तपासनीस पाठमोरा झाला तशी मी ह्यांना म्हणाले, पाय वर घ्या. हे म्हणाले, वर कुठे? मी म्हणाले, मांडी घाला सीटवर, पाय त्या ब्रेकच्या जवळपाससुद्धा दिसायला नको. ह्यांची उंची अशी की मांडी घातली तेव्हा एक गुडघा दाराला आणि एक माझ्या कोपराला लागला. हेल्मेट घालून, मांडी घालून, हात जुळवून बसलेला तो माणूस दुसऱ्या कुठल्याही दिवशी मला हसवून गेला असता. त्या दिवशी मी फक्त समोर बघितलं.

हिरवा. पाय दाबला. गाडी सुटली, पहिल्याइतकी नाही पण सुटली. समोर रस्ता रिकामा, पांढरी रेषा सरळ, माझे हात स्थिर. निम्मा ट्रॅक गेला. बझर नाही. मी मनात म्हणाले, बघा, बघा आता. आणि एवढ्यात उजव्या बाजूने कुठूनही न येता एक प्रचंड लाल भिंत माझ्या अंगावर आली.

गाडी करकचून थांबली. लाल गाडी पुढे निघून गेली, आपल्या लेनमधून, अगदी सरळ. मी ह्यांच्याकडे वळून ओरडले, “परत दाबलात! परत!”

ह्यांची मांडी तशीच होती. एक गुडघा दाराला, एक माझ्या कोपराला. बझर वाजलेला नव्हता. माझ्या उजव्या पायाखाली माझाच ब्रेक पार तळापर्यंत दाबलेला होता आणि तो मला सोडता येत नव्हता.

तपासनिसाची शिट्टी वाजली तेव्हा मी गाडी हलवली. डॅशबोर्डवर कासवाचं चित्र उगवलं होतं. बॅटरी फार उतरली की गाडी ते दाखवते आणि स्वतःहून हळू होते. मी तिला कासवाच्या चालीने कुंपणापर्यंत नेलं आणि बंद केली. ह्यांनी पाय सोडले, पोटऱ्या चोळल्या.

दातांचा डॉक्टर हेल्मेट काखेत मारून आला. भला माणूस. म्हणाला, मॅडम, गाडीत काही बिघाड आहे का, दोन्ही वेळा तुमचे ब्रेकचे दिवे लागलेले मागच्या लोकांनी बघितले. मी म्हणाले, नाही, बिघाड नाही. मग मी त्याला विचारलं, तुम्ही माझ्या शेजारी कधी आलात? त्याला प्रश्नच कळला नाही. म्हणाला, मी शेजारीच होतो की. या वेळी तुमची गाडी जरा दमलेली होती, त्यामुळे मी सुरुवातीपासून तुमच्या जरासाच मागे होतो, बरोबरीनेच म्हणा ना. माझा एवढा आवाज, तुम्हाला ऐकू नाही आला? मी म्हणाले, आवाज सगळीकडूनच येत होता.

तो गेल्यावर आम्ही दोघं गाडीत बसून राहिलो. मला चीड आली होती, आणि या वेळी ती काढायला समोर कुणी नव्हतं. ट्रॅकभर तो माणूस माझ्या खांद्याशी होता. एवढी मोठी लाल गाडी. सोमवारी सकाळी तिथे एखादं शाळेचं पोर असलं असतं आणि स्टिअरिंगवर माझी कुणी थरथरणारी विद्यार्थिनी असली असती, तिने माझ्या भरवशावर गाडी वळवली असती. मी तिला म्हणाले असते, मोकळं आहे, घे.

“मला तो दिसला नाही,” मी म्हणाले.

“माहीत आहे.”

“पहिल्या वेळी मी खरंच सरकत होते?”

“त्याच्या लेनमध्ये गेली होतीस, जराशी.”

“मग ओरडला का नाहीत माझ्यावर?”

“ओरडून सांगण्यासारखं होतं का ते?” एवढंच हे म्हणाले.

मी रडले. रागानेच रडले, दुसरं काही नाही. असलं कसलं दुखणं हे, की जे दिसत नाही ते दिसत नाही हेसुद्धा दिसत नाही! काळा डाग नाही, धूसर नाही, काही म्हणून खूण नाही. रस्ता पूर्ण वाटतो आणि त्यातली एक आख्खी गाडी गायब असते. ह्यांनी रुमाल दिला. तो ऑइलने बरबटलेला होता, आणि त्यावरून मी त्यांना बोलले तेव्हा मला जरा बरं वाटलं.

तिसरी फेरी उरली होती. हे म्हणाले, राहू दे, जाऊ घरी. मी म्हणाले, हरले ते हरले, सोमवारपासून विद्यार्थी तुमचे, मी शब्द फिरवणार नाही. पण ही फेरी माझी आहे. आयुष्यात एकदा मला त्या टोकापर्यंत पाय दाबून जायचंय.

“आणि परत तो दिसला नाही तर?”

“मला नाहीच दिसणार. तुम्ही सांगा. कुठे आहे ते सांगत राहा, म्हणजे तो अंगावर येणार नाही. आणि मी सरकायला लागले तर दाबा. खुशाल दाबा, मी चकार शब्द काढणार नाही.”

पांढरी कासव झाली होती, म्हणून पांढरीला जनरेटरच्या रांगेत ठेवून निळी काढली. निळी मोठी, जड, आणि तिलाही वायर मिळालेली नव्हती. तिच्या टपावर पुन्हा तोच बोर्ड आणि तेच चार बोल्ट. दातांच्या डॉक्टरने न मागता पाना आणून दिला आणि बोल्ट स्वतःच काढले. तपासनीस नियमाचं काहीतरी म्हणायला आला होता, पण माझा चेहरा बघून त्याने विचार बदलला. त्याने फक्त ह्यांना विचारलं, ब्रेकवर तुम्हीच ना?

ह्यांनी पाय खाली ठेवला, ब्रेकवर, नेहमीच्या जागी. मला त्याचा राग आला नाही. दिवसभरात पहिल्यांदाच आला नाही.

दिवे लागले. हिरवा. मी पाय दाबला आणि ह्यांनी बोलायला सुरुवात केली. वर्गातला आवाज, हळू, सपाट, ज्याने मी इतकी वर्षं वैतागत आले तोच.

“समोर मोकळं. लाल गाडी मागे आहे. रेषेत आहेस तू. लाल गाडी जवळ येते आहे, तिच्या लेनमध्ये. अजून मागे. आता चाकाशी आली. आता तुझ्या दाराशी आहे. दाराशीच आहे. तू तुझ्या जागी आहेस. जाऊ दे तिला. पुढे गेली.”

तेव्हा ती मला दिसली, समोर, उजवीकडून मधे सरकत आलेली. मी दचकले नाही. ती तिथे आहे हे मला आधीच ठाऊक होतं. पाय दाबलेलाच होता. निळी आपली शर्थ करत होती, आणि ती शर्थ लाल गाडीच्या पासंगालाही पुरत नव्हती, पण तळाला टेकलेला पाय मी उचलला नाही. ह्यांनीही दाबला नाही.

“शेवटची रेषा गेली,” हे म्हणाले. “आता पाय काढ.”

मला काढवेना. पुढे धावपट्टी उरली होती आणि मला वाटलं, संपेपर्यंत अशीच जाऊ दे. ह्यांच्या पायाखाली ब्रेक होता. त्यांनी वाट बघितली. मग मी स्वतःच पाय काढला आणि गाडी हळूहळू थांबवली, विद्यार्थ्यांना शिकवते तशी, धक्का न देता.

आम्ही सपशेल हरलो होतो. लाउडस्पीकरवाल्याने आमची वेळ वाचून दाखवली तेव्हा लोक हसले. हसू देत. बोर्ड टपावर चढवायला ह्यांना वेळ लागला.

निघायच्या वेळी खरी पंचाईत झाली. आम्ही दोन गाड्या आणल्या होत्या. जनरेटरच्या रांगेत पांढरीचा नंबर अखेर लागला होता, घरी पोचण्यापुरती ती भरत आली होती. हे माझ्यासमोर उभे राहिले, आणि सकाळी दिली होती तशीच पांढरीची किल्ली त्यांनी माझ्यापुढे धरली. अगदी सहज. मग काय करतोय ते त्यांच्या लक्षात आलं आणि हात तसाच राहिला, ना पुढे ना मागे.

“ती उद्या तुम्ही येऊन घेऊन जा,” मी म्हणाले.

तपासनिसाला सांगून आम्ही पांढरी कुंपणाशी लावली आणि कुलूप घातलं. मी निळीत शेजारच्या सीटवर बसले. आम्ही गेटबाहेर पडलो. मग मी सुरू झाले. सकाळी पहिल्या तासाला जी येते ती परिचारिका आहे, रात्रपाळी करून येते, तिला आधी पाच मिनिटं नुसती बसू द्या. ते जोडपं आहे ना, त्यांना एका वेळी घेऊ नका, तो मागे बसून तिला शिकवतो. बँकवाल्या काकांना अजून इलेक्ट्रिक गाडीत क्लच सापडायचा आहे, त्यांना रोज सांगावं लागतं की तो नाहीये. आणि त्या शिंप्याच्या मुलीवर जरा ओरडत जा. तिला ओरडल्याशिवाय कळत नाही.

“मला ओरडता येत नाही,” हे म्हणाले.

“शिका.”

पहिला चौक आला. ह्यांनी गाडी थांबवली, दोन्हीकडे बघितलं आणि म्हणाले, “उजवीकडे मोकळं.” गाडी तेच चालवत होते. मला सांगायचं काही कारण नव्हतं. पुढच्या चौकात पुन्हा म्हणाले, आणि त्याच्या पुढच्याही. घरापर्यंत प्रत्येक चौकात म्हणत राहिले, आणि मी त्यांना गप्प बसा म्हणाले नाही.